गुहेतील अस्वलाची उलटतपासणी

दुर्बळांची कणव हा सद्गुण नसून समाजाने स्वतःच्या नाशासाठी चालविलेली एक चैन आहे, हे मत आपल्या सुशिक्षित वर्गात आता दबक्या आवाजात बोलले जात नाही. ते व्यासपीठावरून, दिवाणखान्यातून आणि क्वचित आमच्या महाविद्यालयांतील अध्यापकांच्या खोलीतूनही मोठ्या आत्मविश्वासाने मांडले जाते. गरीब विद्यार्थ्यास शुल्कात सवलत द्यावी की नाही, सरकारी दवाखान्यात औषध फुकट मिळावे की नाही, अभ्यासात मागे पडलेल्या मुलांसाठी स्वतंत्र वर्ग चालवावेत की नाही, असा कोणताही विषय निघाला की मंडळीपैकी कोणीतरी चष्मा सावरून म्हणतो, "निसर्गात असले लाड चालत नाहीत." एवढे म्हटले की वाद संपला असे समजावयाचे. निसर्गावर अपील नाही!

मत जुनेच आहे. नवे आहे ते त्याच्या अंगावर घातलेले शास्त्राचे वस्त्र. अलीकडेच एका व्याख्यानमालेत एका विद्वान वक्त्यांनी या मताच्या पुष्ट्यर्थ एक दृष्टान्त दिला. हिमयुगात युरोप खंडात एक अवाढव्य अस्वल राहत होते. त्याला शत्रू नव्हता, अन्नाची ददात नव्हती, राहावयास डोंगराडोंगरांतून प्रशस्त गुहा होत्या. परिणाम असा झाला की, एरवी मेली असती अशी रोगट व दुबळी पिलेही जगू लागली, त्यांना प्रजा झाली, वंश पिढ्यानुपिढ्या निकृष्ट होत गेला, आणि अखेरीस ती सर्व जातच पृथ्वीच्या पाठीवरून नाहीशी झाली. मनुष्याने यावरून काय तो बोध घ्यावा, असे म्हणून वक्ते खाली बसले. टाळ्या पडल्या. टाळ्यांबद्दल आमची तक्रार नाही. त्या वक्तृत्वाच्या हक्काच्या आहेत. तक्रार एवढीच की, ज्या अस्वलास साक्षीदार म्हणून पिंजऱ्यात उभे केले त्याची उलटतपासणी कोणीच केली नाही. ती करावी, एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

प्रथम साक्षीदाराची ओळख. युरोपातील चुनखडीच्या गुहांतून मोठमोठी हाडे सापडतात, ही गोष्ट तेथील लोकांना शतकानुशतके ठाऊक होती. ती कोणाची, याविषयी मात्र प्रत्येकाने आपापल्या कल्पनेस मोकळे सोडले. कित्येक गुहांना 'ड्रॅगनची गुहा' असे नाव पडले ते याच हाडांमुळे. जर्मनीतील हार्झ पर्वतातल्या एका गुहेचे नाव तर 'एकशिंग्याची गुहा' असे आहे. तेथील हाडे एकशिंग्या घोड्याची म्हणून औषधासाठी उगाळली जात. इ. स. १७७४ मध्ये योहान फ्रीड्रिख एस्पर या धर्मोपदेशकाने फ्रँकोनिया प्रांतातील गायलेनरॉयथ येथील गुहेतील हाडांचे सचित्र वर्णन प्रसिद्ध केले आणि ती अस्वलाची, बहुधा ध्रुवप्रदेशातील पांढऱ्या अस्वलाची असावीत, असा तर्क केला. पुढे वीस वर्षांनी, १७९४ मध्ये, रोझेनम्युलर या तरुण शरीरशास्त्रज्ञाने त्याच गुहेतील एका कवटीवरून हे अस्वल आज हयात असलेल्या कोणत्याही अस्वलाहून भिन्न आहे असे ठरवून त्यास 'उर्सुस स्पेलेउस', म्हणजे गुहेतील अस्वल, असे नाव दिले. प्राण्याची एखादी जात समूळ नष्ट होऊ शकते, ही कल्पनाच त्या काळी पुष्कळ विद्वानांना मान्य नव्हती, हे लक्षात घेतले म्हणजे या नामकरणाचे महत्त्व ध्यानात येईल.

हे अस्वल दिसावयास उग्र खरे. कपाळ एकदम उभे चढलेले, छाती रुंद, पुढचे पाय भक्कम. मोठा नर चारशे ते पाचशे किलोच्या घरात जाई, मादी त्याच्या सुमारे निम्मी. परंतु त्याचे दात पाहिले की उग्रपणा ओसरतो. पुढील लहान दाढा गळून गेलेल्या आणि मागील दाढा रुंद, चपट्या व उंचवट्यांनी भरलेल्या. म्हणजे मांस फाडण्याच्या नव्हेत, पाला, मुळे व गवत चघळण्याच्या. हाडांतील नायट्रोजनच्या प्रमाणावरून आहार ओळखण्याची जी रासायनिक रीत आता उपलब्ध झाली आहे, तिनेही बहुतेक ठिकाणी हाच निर्वाळा दिला आहे. स्पेनपासून उरल पर्वतापर्यंत हा शाकाहारी राक्षस वावरत होता, आणि सुमारे चोवीस-पंचवीस हजार वर्षांपूर्वी तो नाहीसा झाला.

आता पूर्वपक्ष. सुखाने वंश सडतो हा सिद्धांत आमच्या वक्त्यांच्या पदरचा नव्हे; त्याला मोठे कूळ आहे. पहिल्या महायुद्धानंतर ऑस्ट्रियात खताची भयंकर टंचाई पडली. स्टिरिया प्रांतात मिक्सनिट्झ गावाजवळ एक प्रचंड गुहा आहे. तिच्या तळाशी अस्वलांच्या हाडांची व विष्ठेची माती साचून फॉस्फेटचा मोठा साठा झालेला होता. १९२० ते १९२३ या काळात तो साठा शेतांसाठी खणून काढण्यात आला, आणि खणता खणता हाडांचे जे ढीग निघाले त्यांवरून त्या एका गुहेत तीस ते पन्नास हजार अस्वलांचे अवशेष असावेत असा अंदाज करण्यात आला. या कामावर देखरेख करणाऱ्या शास्त्रज्ञांत व्हिएन्ना विद्यापीठाचे प्राध्यापक ऑथेनियो आबेल हे अग्रणी होते. १९३१ साली गेओर्ग कीर्ले यांच्यासह त्यांनी या गुहेवर एक भला मोठा ग्रंथ संपादिला.

आबेल हे सामान्य पंडित नव्हते. लुप्त प्राण्यांकडे केवळ हाडांचे सांगाडे म्हणून न पाहता, ते चालत कसे, खात काय, आजारी कशाने पडत, असे प्रश्न विचारणारी पुराजीवशास्त्राची एक शाखाच त्यांनी उभी केली. मिक्सनिट्झच्या हाडांत त्यांना रोगांचे पुष्कळ पुरावे दिसले. सुजून एकमेकांस चिकटलेले मणके, किडलेले व मुळाशी पू झालेले दात, वाकडी जुळलेली मोडकी हाडे; शिवाय आकारात विलक्षण विषमता, काही अस्वले राक्षसी तर काही खुजी. यावरून त्यांनी असे अनुमान काढले की, शत्रूंच्या अभावी नैसर्गिक निवडीची कात्री बोथट झाली, दुबळे जगले, आणि माणसाने पाळलेल्या जनावरांत जशी विकृती येते तशी या अस्वलांच्या वंशात येऊन तो नष्ट झाला. अनुमान सुसंगत दिसते. वक्त्यांनी त्यात स्वतःचे काही मिसळले असेल तर ते एवढेच की, हे अनुमान गेल्या साठसत्तर वर्षांत पार ढासळले आहे ही गोष्ट त्यांनी सांगितली नाही.

ते का ढासळले, हे पाहणे मनोरंजक आहे. कारण त्यासाठी फारसे शास्त्र लागत नाही, थोडा व्यवहार लागतो. एखाद्या शहराचे आरोग्य कसे आहे हे ठरविण्यासाठी कोणी इस्पितळातील मृतांची वही तेवढी वाचली आणि "या शहरात सर्वच रोगी आहेत" असा निष्कर्ष काढला, तर आपण त्यास काय म्हणू? गुहा ही अस्वलांचे शहर नव्हते. ते त्यांचे हिवाळी शयनगृह होते. उन्हाळाभर चरून अंगात चरबी साठवावयाची आणि थंडीत गुहेत जाऊन निजावयाचे, हा त्यांचा क्रम. ज्याच्या अंगात पुरेशी चरबी साठली ते अस्वल वसंतात उठून बाहेर जाई व कालांतराने उघड्या रानात मरे. तेथे त्याची हाडे उन्हापावसाने व जनावरांनी नाहीशी केली. ज्याची चरबी अपुरी पडली, म्हणजे जे फार लहान, फार म्हातारे किंवा आजारी होते, ते निजले ते उठलेच नाही. आणि त्याची हाडे मात्र गुहेच्या मातीत सुरक्षित राहिली. फिनलंडचे पुराजीवशास्त्रज्ञ ब्योर्न कुर्तेन यांनी १९५८ साली एका विस्तृत निबंधात व पुढे १९७६ साली सर्वसामान्य वाचकांसाठी लिहिलेल्या पुस्तकात ही गोष्ट दातांच्या झिजेवरून वयांची मोजदाद करून दाखवून दिली. गुहेत मृत्यू आले ते हिवाळ्यांतील, आणि ते प्रामुख्याने पिलांचे, अननुभवी तरुणांचे व जर्जर झालेल्यांचे. सशक्त अस्वलांची नोंद त्या वहीत फारशी नाही. कारण ती त्या वहीच्या धन्याकडे गेलीच नाहीत.

दुसरी गोष्ट काळाची. पन्नास हजार सांगाडे एका ढिगात पाहिले की डोळ्यांपुढे एखाद्या महामारीचे चित्र उभे राहते. परंतु समजा, हा ढीग चाळीस हजार वर्षांत साचला आणि त्यात चाळीस हजार अस्वले आहेत. तर हिशेब वर्षाला एका मृत्यूचा झाला! शंभर पिढ्यांचे दुखणे एका दिवसाच्या दवाखान्यात गोळा केल्यावर कोणता वंश सुदृढ दिसेल? आपल्याच घराण्यातील हजार वर्षांचे सर्व आजारी पूर्वज एका ओसरीवर आणून बसविले, तर आपणही स्वतःस सडलेला वंश म्हणून घेऊ.

तिसरी गोष्ट 'राक्षस' आणि 'खुजे' यांची. कुर्तेन यांनी सुळ्यांची मापे घेतली तेव्हा ती दोन स्वतंत्र पुंजक्यांत पडली: मोठे सुळे नरांचे, लहान माद्यांचे. म्हणजे ज्यांना ऱ्हास पावलेले खुजे नमुने समजण्यात आले होते त्यांपैकी पुष्कळ निरोगी माद्या होत्या. स्त्रीला खुजा पुरुष समजण्याची चूक जगात पूर्वीही झाली आहे. ती हाडांच्या बाबतीतही व्हावी यात नवल नाही. शिवाय आल्प्सच्या उंच भागात राहणाऱ्या अस्वलांची अंगयष्टी मुळातच लहान होती, तोही परिस्थितीशी जुळवून घेण्याचा प्रकार होय, अवनतीचा नव्हे.

चौथी गोष्ट रोगांची, आणि माझ्या मते तीच सर्वांत महत्त्वाची. सांधे धरलेला मणका काय सांगतो? ते अस्वल इतके जगले की म्हातारपणाचे दुखणे त्याला जडावयास वेळ मिळाला. मोडून पुन्हा सांधलेले हाड काय सांगते? ते अस्वल हाड मोडल्यावर मेले नाही. लंगडत का होईना, त्याने पाला गोळा केला, चरबी साठविली, आणि हाड सांधेपर्यंत तग धरला. ज्या पुराव्यातून वक्त्यांना दुर्बळता दिसली, त्याच पुराव्यातून चिवटपणाही दिसतो. किंबहुना, झटकन मेलेल्या प्राण्याच्या हाडावर रोगाची खूण उमटतच नाही. ज्या सांगाड्यावर रोगाची खूण नाही तो निरोगीच होता असे नव्हे. तो पहिल्याच तडाख्यात गेलेला असेल.

आणि तो 'सुखाचा स्वर्ग' तरी कोठे होता? ज्या प्राण्याला दर वर्षी अर्धे वर्ष उपाशी झोपावयाचे आहे, एक शरद ऋतू वाईट गेला तर ज्याला वसंत दिसणार नाही, त्याच्यावर निवडीची कात्री बोथट होती असे म्हणणाऱ्याने गुहेतील लहान पिलांचे दात एकदा मोजावेत. शत्रू नव्हते हेही खरे नाही. त्याच काळात युरोपात गुहासिंह होते, तरस होते, लांडगे होते. काही सिंहांच्या हाडांच्या रासायनिक परीक्षेवरून त्यांच्या आहारात या अस्वलांची पिले असावीत असे दिसून आले आहे. तात्पर्य, ज्या लाडांमुळे वंश सडला असे सांगण्यात येते, ते लाड त्याला कधी मिळालेच नव्हते.

मग ते गेले कशाने? येथे गेल्या वीस-पंचवीस वर्षांत डीएनएच्या परीक्षेने मोठा प्रकाश पाडला आहे. हाडांतून प्राचीन डीएनए काढून त्यातील वैविध्य मोजले म्हणजे वंशाची संख्या कोणत्या काळी वाढली व कोणत्या काळी घटली याचा अदमास घेता येतो. २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात स्पेनपासून सर्बियापर्यंतच्या गुहा-अस्वलांच्या ५९ नमुन्यांचे माइटोकॉन्ड्रियातील डीएनए वाचण्यात आले. त्यावरून असे दिसले की, हवामानाचे अनेक हेलकावे या अस्वलांनी सहन केले तरी त्यांची संख्या टिकून होती; ती ढासळू लागली ती सुमारे चाळीस हजार वर्षांपूर्वी, म्हणजे हिमयुगाची अतितीव्र थंडी येण्याच्या पुष्कळ आधी आणि आपल्या जातीची माणसे युरोपात पसरू लागली त्या सुमारास. जर्मनीतील होहले फेल्स या गुहेत या अस्वलाचा एक पाठीचा मणका सापडला आहे. त्यात गारगोटीच्या शस्त्राचा तुकडा रुतून बसलेला आहे. शिकार, गुहांवरील अतिक्रमण, आणि पुढे थंडीने आखडलेली वनस्पती, या तिहींपैकी कोणाचा वाटा किती, याविषयी विद्वानांत अद्याप वाद आहे. परंतु "फार सुखात राहिल्यामुळे" हे कारण त्या वादात आता कोणी उच्चारीतही नाही. निजलेल्याच्या घरात जो शिरला त्याचे नाव सोडून, निजणाऱ्याच्या आळसास दोष देणारा हा न्याय आहे.

याहूनही एक विलक्षण गोष्ट २०१८ साली उघडकीस आली. चार गुहा-अस्वलांचा डीएनए आजच्या तपकिरी अस्वलांशी ताडून पाहिला असता, हयात असलेल्या तपकिरी अस्वलांत सुमारे ०.९ ते २.४ टक्के वारसा गुहा-अस्वलाचा आहे असे आढळले. दोन जातींचा प्राचीन काळी संकर झाला होता. ज्या वंशाच्या सडलेपणावर आपण व्याख्याने देतो, त्याच्या रक्ताचा अंश आजही रानावनांत जिवंत फिरत आहे, आणि तो ज्याच्या अंगी आहे त्या प्राण्याला कोणी निकृष्ट म्हणत नाही.

येथे कोणी म्हणेल, आबेल चुकले असतील, शास्त्रज्ञ चुकतातच. हे मान्य आहे. परंतु काही चुका अशा असतात की, त्या करण्यास मन आधीच तयार झालेले असते. मिक्सनिट्झची हाडे व्हिएन्ना विद्यापीठातील आबेल यांच्या संस्थेत ज्या खोलीत ठेवली होती, तिला 'अस्वलांची गुहा' असे टोपणनाव पडले होते. इतिहासकार क्लाउस ताश्वर यांनी २०१५ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात दाखविले आहे की, १९२०नंतरच्या दशकात याच खोलीत आबेल यांच्या पुढाकाराने सुमारे दीड डझन प्राध्यापकांचे एक गुप्त मंडळ भरत असे, आणि त्याचे कार्य एकच: ज्यू व डाव्या विचारांच्या विद्वानांना विद्यापीठात अध्यापनाचा अधिकार व बढती मिळू न देणे. मतदानाचे डावपेच तेथे ठरत. कोणाचा अर्ज कसा अडवावयाचा याची आखणी तेथे होई. आबेल पुढे १९३२ साली त्याच विद्यापीठाचे कुलगुरू झाले. एका बाजूस, कात्री बोथट झाल्याने वंश सडला असे सांगणारी हाडे; दुसऱ्या बाजूस, कात्री हातात घेऊन बसलेले प्राध्यापक; आणि दोघेही एकाच खोलीत!

यावरून आबेल यांचा सिद्धांत खोटा ठरतो असे मी म्हणत नाही. माणसाच्या वर्तनावरून त्याच्या गणिताचे उत्तर तपासावयाचे नसते. सिद्धांत खोटा ठरला तो दातांच्या मोजमापांवरून. परंतु खोटा सिद्धांत इतका गोड का वाटला आणि इतके दिवस का टिकला, हे समजावयास ती खोली उपयोगी पडते. आपल्याला जे करावयाचे आहे ते निसर्ग आधीच करीत आहे अशी खात्री झाली म्हणजे मनास टोचणी राहत नाही. अर्ज आपण अडवीत नसतो, निसर्ग अडवीत असतो! ही सोय ज्यांना हवी असते, त्यांना हाडे हवे ते सांगतात.

आणि हाडांकडून हवे ते वदवून घेण्याचा मोह एकाच पक्षास होतो असेही नाही. स्वित्झर्लंडमध्ये फेटिस गावावर, सुमारे २,४४५ मीटर उंचीवर, ड्राखेनलॉख नावाची गुहा आहे. तेथे १९१७ ते १९२३ या काळात एमिल बॅख्लर यांनी उत्खनन केले आणि दगडांच्या पेट्यांत रचून ठेवलेल्या अस्वलांच्या कवट्या सापडल्याचे जाहीर केले. निअँडरथल मानव अस्वलाची पूजा करीत होता, आद्यधर्माचा हाच उगम, असा बोलबाला जगभर झाला. पुढे बासेल येथील कोबी यांनी शांतपणे विचारले की, पेट्यांची छायाचित्रे कोठे आहेत? रेखाचित्रांतही परस्परांशी मेळ बसेना. छतावरून कोसळलेले दगड, आणि गुहेत पिढ्यानुपिढ्या वावरणाऱ्या अस्वलांनीच पायांनी सरकवून भिंतीकडे लोटलेली हाडे, एवढ्याने पुष्कळशा 'पूजे'चा उलगडा होतो असे आज बहुतेक तज्ज्ञ मानतात. एकास त्या हाडांत देव दिसला, दुसऱ्यास दंड दिसला. हाडे दोघांच्याही बाजूने बोलली नव्हती.

आता 'सबळ तोच टिकतो' या मूळ सूत्राकडे वळू. लुप्त अस्वलांचाच दाखला द्यावयाचा तर पूर्ण द्यावा. दक्षिण अमेरिकेत आर्क्टोथेरियम नावाचे एक अस्वल होते; अर्जेंटिनातील ला प्लाता येथे मिळालेल्या त्याच्या हाडांवरून २०११ साली केलेल्या गणिताप्रमाणे त्याचे वजन सुमारे सोळाशे किलो भरते. ज्ञात अस्वलांत याच्याहून बलाढ्य क्वचितच दुसरे असेल. ते गेले. उत्तर अमेरिकेतील उंच पायांचे, आखूड तोंडाचे आर्क्टोडस गेले. आपल्या शिवालिक टेकड्यांत फाल्कनर आणि कॉटली यांना सापडलेले व १८३६ साली त्यांनी 'शिवालिकचे अस्वल' म्हणून वर्णिलेले प्रचंड जनावर, ज्यास आता आग्रिओथेरियम म्हणतात, तेही गेले. आणि राहिले कोण? चीनच्या डोंगरात बांबू चघळीत बसलेला पंडा. आणि आपल्या मेळघाटात व चांद्याच्या जंगलात वारुळे फुंकून वाळवी ओढणारे, मोहाची फुले वेचणारे, पाठीवर पिले घेऊन हिंडणारे, पुढचे वरचे दोन दात नसलेले आपले अस्वल! बलाचा हिशेब केला तर यादी उलटी लागावयास हवी होती.

'सर्वांत योग्य तो टिकतो' हे वाक्य मुळात हर्बर्ट स्पेन्सरचे, १८६४ सालचे. डार्विनने ते पुढे स्वीकारले. आगरकरांच्या पिढीपासून स्पेन्सरचे नाव मराठी वाचकांस परिचित आहे. परंतु 'योग्य' म्हणजे 'बलिष्ठ' नव्हे, 'श्रेष्ठ' नव्हे आणि 'पात्र' तर नव्हेच. त्या स्थळी, त्या काळी ज्याची प्रजा मागे राहिली तो, एवढाच त्याचा अर्थ. स्थळ बदलले, काळ बदलला, की योग्यताही बदलते. गुहा-अस्वल व त्याचे पूर्वज लाखो वर्षे योग्य होते. काही हजार वर्षांत ते अयोग्य ठरले. त्यात त्याचा गुन्हा काय? ज्या परीक्षेचा अभ्यासक्रम परीक्षा चालू असताना बदलतो, तिच्यात नापास झालेल्यास मूर्ख म्हणण्याचे धाडस निदान आम्हा शिक्षकांनी तरी करू नये.

आणि घटकाभर धरून चालू की, वक्त्यांचे अस्वलविषयक सर्व म्हणणे खरे आहे. तरीही त्यातून मनुष्याने काय करावे हे कसे निघते? 'बळी तो कान पिळी' ही आपली म्हण जगात काय घडते हे सांगते. कान पिळणे हे कर्तव्य आहे असे ती सांगत नाही. अस्वल शाळा काढीत नाही, लस टोचीत नाही, पूल बांधीत नाही, आणि मासिकेही वाचीत नाही. या सर्व गोष्टी आपण निसर्गाची परवानगी न विचारता करतो. चष्मा लावणारा प्रत्येक मनुष्य निसर्गाच्या निवाड्यावर रोज सकाळी अपील करतो आणि ते जिंकतो. मग हे अपील स्वतःच्या डोळ्यांसाठी मंजूर व मोलकरणीच्या मुलाच्या शुल्कासाठी मात्र नामंजूर, असा भेद कोणत्या शास्त्रात सांगितला आहे?

सवलती कोणास द्याव्यात, किती द्याव्यात, त्यांचा गैरवापर कसा टाळावा, हे प्रश्न खरे आहेत आणि कठीण आहेत. त्यांवर दोन्ही बाजूंनी प्रामाणिक माणसे वाद घालू शकतात, आणि त्यांनी तो घालावा. पैसा अपुरा आहे असे ज्यास वाटते त्याने आकडे मांडावेत; योजना सदोष आहे असे ज्यास वाटते त्याने दोष दाखवावेत. असल्या विरोधकाचे म्हणणे ऐकून घेणे आम्ही आमचे कर्तव्य समजतो. परंतु ज्याला आकडे मांडावयाचे नाहीत, दोष दाखवावयाचे नाहीत, केवळ आपल्या अनुदारपणास एखादे भव्य नाव हवे आहे, त्याने निसर्गाच्या मागे लपू नये. लपण्यासाठी त्याने जी गुहा निवडली आहे, ती अगोदरच पुरती खणून झाली आहे. तिच्यातील मातीचे खत होऊन कधीच ऑस्ट्रियाच्या शेतांत गेले, आणि तिच्यातील हाडे मोजून झाली आहेत. त्या हाडांनी दिलेली साक्ष त्याच्या विरुद्ध आहे.